रस्त्याची हद्द आणि फलकाची जात

रस्त्याकडेला जाहिरातीचे फलक कोठे असावेत आणि कोठे नसावेत, हा विषय या पानांवर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. गायरानाचा प्रश्न सुटलेला नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, अत्याचाराच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा वेळी फलकांची मोजमापे घेत बसणे ही चैन वाटण्याचा संभव आहे. मलाही ती वर्षानुवर्षे तशीच वाटत होती. माजलगाव तालुक्यात माझी सगळी नोकरी गेली. मुलांना भूगोल शिकवला, नागरिकशास्त्र शिकवले. पण ज्या रस्त्याने ती मुले शाळेत येत, त्या रस्त्याचे नागरिकशास्त्र मला ठाऊक नव्हते. ते शिकावे लागले. का शिकावे लागले, ते आधी सांगतो.

माजलगावातून आज दोन राष्ट्रीय महामार्ग जातात. एक 61 क्रमांकाचा. तो कल्याणहून अहिल्यानगर, पाथर्डी, गढी करीत माजलगावला येतो आणि पाथरी, परभणी, नांदेडमार्गे निर्मळकडे जातो. दुसरा 548-सी. तो केज, धारूरकडून येतो आणि परतूर, मंठ्याकडे निघून जातो. सिंदफणेवरच्या धरणाचे पाणी आले तसा ऊस आला, ऊस आला तशी वाहने आली. हंगामात उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, जीप, एस.टी. आणि मालमोटारी एकाच डांबरावरून धावतात. याच रस्त्याला आमच्या वस्त्यांच्या वाटा येऊन मिळतात. मराठवाड्यात दलित वस्ती बहुधा गावठाणाच्या कडेला किंवा गायरानात असते. गावाने जिला वेशीबाहेर ठेवले, तिला रस्ता रुंद झाल्यावर महामार्गाने कडेवर घेतले, पण ते तिच्या सोयीसाठी नव्हे.

अशाच एका फाट्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक मोठा फलक उभा राहिला. लोखंडी चौकट, वर फ्लेक्स, त्यावर एक मोठा आणि पंचवीस-तीस लहान चेहरे. वस्तीची वाट जेथे महामार्गाला मिळते तेथून तो बारा पावलांवर होता. वस्तीकडून येणाऱ्याला उजवीकडचे वाहन दिसत नसे आणि वाहनचालकाला वस्तीची वाट. माझा दहावीतला एक विद्यार्थी सायकलवरून बाहेर पडला आणि जीपखाली आला. जीव वाचला, पाय गेला नाही, पण वाकडा जुळला आणि शाळेचे वर्ष गेले. जीपवाला म्हणत होता, पोरगा दिसलाच नाही. पोरगा म्हणत होता, जीप दिसलीच नाही. दोघेही खरे बोलत होते. कागदावर मात्र सायकलस्वाराचा निष्काळजीपणा एवढेच आले. फलकाचा उल्लेख कोणालाही करावासा वाटला नाही.

मी अर्ज घेऊन फिरलो. एका कार्यालयाने सांगितले, रस्ता आमचा नाही. दुसऱ्याने सांगितले, रस्ता आमचा आहे पण फलक आमचा नाही. तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला. दोनेक महिन्यांनी अतिक्रमण हटविण्याची गाडी आली. फाट्यावर चपला शिवणाऱ्याचे खोपट उचलले, एका म्हातारीचा भज्यांचा गाडा उचलला, आणि आमच्या पोरांनी वर्गणी करून लावलेली ‘भीमनगर’ ही वस्तीच्या नावाची पाटीही उपटून नेली. शुभेच्छांचा फलक तेथेच राहिला. पुढे त्यावरचा चेहरा बदलला, चौकट तीच.

त्या दिवशी मला कळले की फलकाचा प्रश्न हा केवळ वाहतुकीचा प्रश्न नाही. तो सार्वजनिक जागा कोणाची, हा जुनाच प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर केवळ संतापाने मिळणार नाही, त्यासाठी नियम समजून घ्यावे लागतील. म्हणून हा लेख.

रस्ता म्हणजे केवळ डांबर नव्हे

आपण डांबरालाच रस्ता समजतो. कायदा तसे समजत नाही. मधोमध डांबराचा पट्टा, ज्यावरून वाहने जातात. त्याला लागून मुरमाची साईडपट्टी. त्यापलीकडे नाली, झाडे आणि मोकळी जागा धरून रस्त्याची संपादित हद्द. उघड्या सपाट मुलखात राष्ट्रीय किंवा राज्य महामार्गासाठी ही हद्द साधारण 45 मीटर रुंद धरली जाते. हद्दीच्या बाहेर खाजगी जमीन सुरू होते, पण तेथेही दोन अदृश्य रेषा असतात. एक इमारत रेषा, रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरवर. तिच्या आत बांधकाम करावयाचे नाही. दुसरी नियंत्रण रेषा, मध्यापासून 75 मीटरवर. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण असते.

आता फलक. भारतीय रस्ते काँग्रेस ही 1934 साली स्थापन झालेली संस्था रस्त्यांची मानके ठरविते. रस्त्याकडेच्या जाहिरातींविषयी तिची एक स्वतंत्र संहिता आहे, क्रमांक 46, सुधारित आवृत्ती 1972 ची. तीत सांगितलेले मुद्दे कोणत्याही दहावी झालेल्या तरुणाला समजतील इतके सोपे आहेत. फाटा, चौक, पूल किंवा रस्ता ओलांडण्याची जागा यांपासून 100 मीटरच्या आत जाहिरात नको. शहरी भागात हे अंतर 50 मीटरपर्यंत चालेल. वाहतुकीच्या अधिकृत पाटीपासून रस्त्याच्या दिशेने 50 मीटरच्या आत नको. डांबराच्या कडेपासून 10 मीटरच्या आत नको. रस्त्याच्या हद्दीत नको. रस्त्यावर आडवे कापडी फलक टांगणे नको. पायी चालणाराची वाट अडेल किंवा दृष्टी अडेल असे काही नको.

ही अंतरे कोठून आली? ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते. चालकाने फलकावरचे चेहरे ओळखण्यात दोन सेकंद घालविले, तर 44 मीटर रस्ता त्याने न पाहता ओलांडला. समोर काही दिसणे, मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यासाठी रस्त्याच्या शास्त्रात अडीच सेकंद धरतात. हे अडीच सेकंद आणि प्रत्यक्ष थांबण्याचे अंतर मिळून ताशी 80 किलोमीटरसाठी 120 मीटर दृष्टी मोकळी हवी, असे मानक आहे. म्हणजे फाट्याजवळच्या 100 मीटरांत कोणाच्या भावना दुखावण्याचा किंवा सुखावण्याचा काही संबंध नाही. तो एका शरीराचा आणि एका यंत्राचा हिशेब आहे. माझा विद्यार्थी बारा पावलांच्या हिशेबात सापडला.

कायदा आहे, पण तो कोणाच्या हातात?

संहिता ही मार्गदर्शक असते, तिला दात कायद्याने येतात. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 116 मध्ये अशी तरतूद आहे की, वाहतुकीची पाटी झाकणारा, तिच्यासारखा दिसून दिशाभूल करणारा किंवा चालकाचे लक्ष विचलित करण्याचा संभव असलेला फलक काढण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकते. राष्ट्रीय महामार्गांसाठी 2002 चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार महामार्गाच्या जमिनीवर परवानगीवाचून काहीही उभे करता येत नाही आणि हटविण्याचा खर्चही वसूल करता येतो. राज्यातील महामार्गांना 1955 चा महामार्ग अधिनियम लागू आहे. गावातल्या रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमण यांविषयी 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 53 पंचायतीला अधिकार देते. 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमही आहे.

इतके कायदे असून फलक का हलत नाही? कारण जबाबदारी रस्त्याच्या प्रकारावर वाटली गेली आहे. राष्ट्रीय महामार्ग एकाकडे, राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीकडे आणि माजलगावसारख्या गावात नगर परिषदेकडे. फाटा म्हणजे जेथे दोन रस्ते भेटतात ती जागा. म्हणून तेथे दोन कार्यालयेही भेटतात, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात.

त्यातच शहर आणि खेडे असा भेद आहे. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला वादळात एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे मेली. मुंबईत 40 फूट बाय 40 फुटांपर्यंत परवानगी असताना तो 120 फूट बाय 120 फुटांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी, 17 एप्रिल 2023 ला, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत महामार्गालगत फलक कोसळून पाच जण गेले. वादळी पावसात आडोशाला उभी राहिलेली माणसे होती ती. महानगरपालिकांसाठी 2022 साली जाहिरात फलकांचे स्वतंत्र नियम झाले. उच्च न्यायालयात बेकायदा फलकांविरुद्धची गाजलेली याचिका मात्र मुंबई-पुण्याच्या कोणा संस्थेच्या नव्हे, तर साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या नावाने ओळखली जाते. 2011 ची ती याचिका. 31 जानेवारी 2017 ला तिचा निकाल लागला. पण त्या निकालाचा भर नगरांवर राहिला. खेड्यातल्या फाट्यावरचा फलक हा अजून कोणाच्याच डोळ्यांत सलत नाही. वळवाचा वारा मात्र खेड्यातही येतो, आणि फलकाच्या आडोशाला बसणारा माणूस बहुधा छत्री नसलेला असतो.

फलकाला जात चिकटते ती येथे

या देशात रस्त्याकडेच्या पाटीचा इतिहास जाहिरातीपासून सुरू होत नाही. केरळात वैकमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवर अस्पृश्यांनी कोठवर यावे, हे सांगणारे फलक होते. 30 मार्च 1924 ला तेथे जो सत्याग्रह सुरू झाला, तो देवळात जाण्यासाठी नव्हता. रस्त्यावरून चालण्यासाठी होता. पाटी ओलांडणे हाच गुन्हा होता. आमच्याकडे 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक जागा खुल्या केल्या, तरी महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना जावेच लागले. कागदावर खुली झालेली जागा पायाखाली खुली करण्यासाठी माणसे लागतात, हा तो धडा.

आणि मराठवाड्याला तर पाटीची किंमत कोणी शिकवावयास नको. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले 14 जानेवारी 1994 ला, तेही नामविस्ताराच्या रूपाने. मधल्या काळात घरे जळाली, माणसे मारली गेली. एका नावासाठी ज्यांनी साडेपंधरा वर्षे किंमत मोजली, त्यांना ‘पाटीत काय आहे?’ असे कोणी विचारू नये.

डिसेंबर 2020 मध्ये शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असा निर्णय घेतला. म्हणजे भीमनगरची पाटी ही शासनाच्या धोरणाला धरून होती. तरीही ती सर्वांत आधी उपटली गेली. ती हद्दीत असेल तर हद्दीबाहेर सन्मानाने लावता आली असती. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात तात्पुरती टपरी, उघड्यावरचा माल यांसारखी किरकोळ अतिक्रमणे नोटिशीविना हटविण्याची मुभा आहे. यंत्राशिवाय सहज काढता येईल असे इतर अतिक्रमणही तसेच हटविता येते. फ्लेक्स सुरीने दोन मिनिटांत निघतो. त्याला यंत्र लागत नाही, धैर्य लागते. चांभाराच्या खोपटाला तेही लागत नाही. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा मुख्यतः नगरांसाठी आहे. खेड्यातल्या फाट्यावर बसणाऱ्याला त्याची सावली मिळत नाही. नियमाची जात नियमात नसते. तो कोणावर आधी चालविला जातो, त्या क्रमात ती असते.

आणखी एक आठवण. माझ्या लहानपणी रस्त्याकडच्या आमच्या घराच्या भिंतीवर दरवर्षी कोणीतरी येऊन जाहिरात रंगवून जाई. कधी विडी, कधी बियाणे, कधी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. आईला आनंद होई, कारण अक्षरांच्या आधी भिंतीला फुकट चुना मिळे. भिंतीचे भाडे असते हे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्या भिंतीवर मी अक्षरे गिरवली हे खरे; पण भिंत आमची आणि शब्द दुसऱ्याचे, हेही खरे.

आपला फलक

आता अवघड भाग. भीमनगरची पाटी गेल्यावर आमच्या पोरांनी 14 एप्रिलला त्याच फाट्यावर, शुभेच्छांच्या फलकासमोर, त्याच्याहून मोठा जयंतीचा फलक उभा केला. आता वस्तीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी भिंती झाल्या. मी म्हणालो, बाबांनो, हा मागे घ्या. एकजण म्हणाला, “सर, आधी त्यांचा काढा, मग आमचं बोला.” दुसरा म्हणाला, “तुम्ही आम्हालाच शिकवणार का?”

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्यांची दखल कोठेच घेतली जात नाही, त्यांना फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा बाबासाहेबांच्या पायाशी पाहण्यात जे समाधान मिळते, त्याची टिंगल करण्याचा अधिकार पेन्शनीत निघालेल्या मास्तराला नाही. शिवाय मराठवाड्यात फलक ही आता राजकारणाची बोली झाली आहे. 2023 च्या ऑक्टोबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले, ते आपण पाहिले. सगळेच फलकातून बोलत असताना आम्हीच गप्प का, हा प्रश्न रास्त आहे.

पण मी त्यांना एवढेच विचारले, की या वाटेने रोज येते कोण? शुभेच्छा देणारे येत नाहीत. आपलीच पोरे येतात, आपल्याच बाया पहाटे ऊसतोडीच्या गाडीकडे जातात. आपल्या फलकाने आपलेच पोर जीपखाली गेले, तर तो फलक कोणाचा म्हणावयाचा?

येथे एक तात्त्विक मुद्दा आहे आणि तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. फलकावर काय लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्याला द्यावयाचा, की फलक कोठे लावावा एवढेच नियमाने ठरवावयाचे? या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घटनेच्या 19 व्या कलमाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. व्यापारी जाहिरातही त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली टाटा प्रेसच्या खटल्यात मान्य केले. त्या स्वातंत्र्यावर वाजवी बंधने घालता येतात. पण मजकूर पाहून फलक काढण्याची मुभा दिली, की ‘शांतता भंग होईल’ या शेऱ्याने पहिला फलक आपला निघेल. उलट अंतराचा नियम मजकूर वाचत नाही. टेपला वाचता येत नाही, आणि हाच तिचा गुण आहे. म्हणून जागेच्या नियमाची मागणी ही आपल्या अभिव्यक्तीला मारक नाही, तिचे संरक्षणच आहे. मात्र तो नियम सर्वांना एकाच दिवशी लागला पाहिजे.

जगातही याच वाटेने काही झाले आहे. अमेरिकेत 1965 साली महामार्गांच्या हद्दीपासून 660 फुटांपर्यंतच्या फलकांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. व्हरमाँट राज्याने 1968 साली रस्त्याकडेचे जाहिरात फलक बंदच केले. ब्राझीलमधील साओ पाउलो या महानगराने 2007 पासून बाहेरच्या जाहिराती हटविल्या. तेथे फलक काढणे शक्य झाले, कारण नियम जागेचा होता आणि तो मोठ्या कंपन्यांनाही लागू झाला.

काय करावयाचे

पहिले, मोजा. माझ्या शाळेत लांब उडीसाठी 30 मीटरची टेप होती. ती घेऊन पोरांबरोबर मी फाट्यापासून फलकापर्यंत आणि डांबराच्या कडेपासून खांबापर्यंत मोजमाप घेतले. दिनांकासह छायाचित्र काढले. ‘फलक धोकादायक आहे’ असे लिहिलेला अर्ज पडून राहतो. ‘फलक फाट्यापासून इतक्या मीटरवर आहे, संहितेप्रमाणे 100 हवेत’ असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणे भाग पडते.

दुसरे, रस्ता कोणाचा ते आधी शोधा आणि दोन रस्ते भेटत असतील तर दोन्ही कार्यालयांना एकाच कागदावर लिहा, म्हणजे बोट दाखविण्याची सोय राहत नाही. उत्तर न आल्यास 2005 च्या माहिती अधिकाराखाली विचारा: या फलकाला परवानगी दिली आहे काय, कोणी दिली, अतिक्रमण हटविताना कोणती यादी केली होती? यादीत खोपट होते आणि फलक नव्हता, हे कागदावर येणे महत्त्वाचे.

तिसरे, ग्रामसभेत ठराव घ्या. गावच्या फाट्यावर 100 मीटरच्या आत कोणाचाही फलक नको आणि त्यापलीकडे रस्त्याच्या हद्दीबाहेर एक जागा सर्वांसाठी, पाळीपाळीने. त्यात जयंतीही आली, यात्राही आली, वाढदिवसही आले. खोपट आणि गाडा हटवावयाचा असेल तर फाट्यापासून दूर त्यांना बसण्याची जागा त्याच ठरावात नेमा.

चौथे, आपला फलक आधी हलवा. यावर मतभेद होतील, झालेही. पण आपला फलक योग्य अंतरावर ठेवून जो अर्ज जातो, त्यातला शब्द वेगळा लागतो.

आमच्या पोरांनी अखेर फलक मागे नेला. मोजून नेला, शंभरावर आणखी पाच मीटर, एकाने म्हटल्याप्रमाणे, “उद्या कोणी मोजलं तर.” शुभेच्छांचा फ्लेक्स दुसऱ्या अर्जानंतर निघाला, पण लोखंडी चौकट अजून उभी आहे, पुढच्या चेहऱ्याची वाट पाहत. तिच्यासाठी तिसरा अर्ज दिला आहे. चपला शिवणारा परत येऊन बसतो, खोपटाशिवाय, उन्हात. त्याच्या जागेचा ठराव ग्रामसभेपुढे यावयाचा आहे.

भीमनगरची पाटी आम्ही नव्याने केली आहे. ती हद्दीबाहेर, वस्तीतल्या एका घराच्या भिंतीवर लावली. टेप धरावयाला माझा तोच विद्यार्थी होता. तो अजून थोडा लंगडतो.